वॅक्सिंगला कसला आलाय फॉर्म?

धागाकर्ती (पार्लर चालवते, १४ वर्षं)
काल एकीने लिहिलं होतं, "पाय वॅक्स करायला गेले तर दोन पानी फॉर्म हातात दिला. ऑपरेशनला आलेय का मी? पार्लरवाल्या अंग काढून घेतात, दुसरं काही नाही." वाचून रात्रभर डोक्यात तेच, म्हणून सविस्तर लिहितेय.

पाच वर्षं दर महिन्याला येणारी मुलगी. अपरलिपची पट्टी ओढली आणि पट्टीबरोबर कातडी आली. दोन महिन्यांपासून ती पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत होती. त्या गोळ्यांनी वरची त्वचा इतकी नाजूक होते की गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर सहा महिने वॅक्स करायचं नसतं. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. ओठावरचा डाग जायला कितीतरी महिने लागले. त्या दिवसापासून माझ्याकडे फॉर्मशिवाय पट्टी लागत नाही.

वाचक १
ताई, कालची पोस्ट माझीच. तुमचा अनुभव वाईट आहे, पण माझाही ऐका. मला फॉर्म दिला, "इथे सही करा" म्हणाले, वाचायलाही वेळ दिला नाही. मग पोटरीवर वॅक्स टाकलं ते चटका बसेल इतकं गरम. फोड आला. विचारायला गेले तर शेवटची ओळ दाखवली: 'कोणत्याही इजेस आम्ही जबाबदार नाही.' स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघितला असता तर फॉर्म लागलाच नसता.

वाचक २ (नर्स)
सही म्हणजे संमती नव्हे. काय करणार, काय होऊ शकतं, दुसरा पर्याय कोणता, हे समजून बाईने हो म्हटलं तर ती संमती. आणि अर्ध्यात "थांबा" म्हटलं की थांबायचं, सही असो वा नसो. निष्काळजीपणा केला असेल तर ती शेवटची ओळ कुणाला वाचवत नाही.

वाचक ३
माझी तक्रार वेगळीच आहे. फॉर्ममध्ये पाळी नियमित आहे का, पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे का, असे प्रश्न. मी खरं लिहिलं. मुलीने तो कागद भर पार्लरमध्ये मोठ्याने वाचला, पलीकडच्या खुर्चीत आमच्याच इमारतीतल्या काकू. संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या कानावर. तेव्हापासून मी सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिते.

धागाकर्ती
म्हणजे तुम्ही खोटं लिहिणार आणि कातडी सोलली की दोष आमचा?

वाचक ३
हो, लिहिते खोटं! पीसीओएस असलं म्हणून तुम्ही पट्टी वेगळी ओढता का? ज्या उत्तराने तुमचं काम बदलणार नाही, तो प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? आणि भरलेले फॉर्म काउंटरवर उघडे पडलेले असतात. येणारी-जाणारी चाळते.

वाचक ४
मी सहसा लिहीत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझ्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात. त्या हाताला साधी जखमसुद्धा महागात पडू शकते, सूज येते, संसर्ग होतो. चार बायकांसमोर मी हे तोंडाने बोलले नसते. कागदावर रकाना होता म्हणून लिहिलं. त्या मुलीने मला आतल्या खोलीत नेलं, हळू आवाजात म्हणाली, "त्या काखेला वॅक्स नको करूया." घरी येऊन रडले मी. म्हणून फॉर्म हवाच. पण वाचक ३ म्हणतात तेही खरं, तो कागद कुलपात हवा.

वाचक १
चटक्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून. आणि पॅच टेस्टसाठी, म्हणजे थोडं वॅक्स लावून त्वचेला सोसतं का ते बघायला, आदल्या दिवशी खेप कोण घालणार?

वाचक २
मनगटावरच्या थेंबाने वॅक्स किती गरम आहे एवढंच कळतं. वॅक्समधल्या राळेची अ‍ॅलर्जी असेल तर पुरळ एक-दोन दिवसांनी उठतं. खेप नकोच असेल तर निदान हे बाईला आधी सांगा, ठरवू दे तिला. आणि एकदा भरलेला फॉर्म वर्षानुवर्षं चालवू नका. दर खेपेला तोंडी विचारा: मागच्या वेळेनंतर नवीन गोळी? नवीन क्रीम? त्वचा नाजूक करणारी रेटिनॉलची क्रीमं बायका औषधात धरतच नाहीत.

धागाकर्ती
मी मनगटावर बघितल्याशिवाय वॅक्स लावत नाही, पण सगळ्या तसं करत नाहीत, हे मान्य करावं लागेल. पाळीचा आणि पीसीओएसचा प्रश्न छापील नमुन्यातून आला होता, मी कधी विचारच केला नाही. काढते. 'जबाबदार नाही' ही ओळही काढते, मनाविरुद्ध का होईना. औषधांचे, मधुमेहाचे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे रकाने मात्र राहणार. त्यावर वाद नको.

वाचक ३
काढलात की बघू. तोवर 'नाही' लिहिणार नाही, रकाना कोरा ठेवीन. गोळ्यांचं खरं लिहीन, पण कागद कुठे ठेवता ते आधी दाखवायचं.