विषय: कॅम्पर 'टोटल' झाली, कर्ज तसंच आहे. गाडी ठेवावी का?

मंडळी, नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी कॅलिफोर्नियात पासो रोबल्सजवळ १०१ हायवेवर पावसात आमची कॅम्पर व्हॅन घसरली आणि कठड्यावर आदळली. आम्हा चौघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. उजवी बाजू मात्र ओट्यापर्यंत आत घुसली. मिसळणाचा डबा उघडून गादीभर हळद!

विमा कंपनी म्हणते टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही, गाडीची किंमत देऊन मोकळे होऊ. ६२,००० डॉलर देतात, त्यातून डिडक्टिबल (आपण सोसायचा हिस्सा) १,००० जाणार. बँकेचं कर्ज ७१,४०० बाकी आहे, पंधरा वर्षांचं. गॅप इन्शुरन्स, म्हणजे कर्ज आणि भरपाई यांतला फरक भरणारा विमा, आम्ही घेतला नव्हता. ह्यांचं म्हणणं, इंजिन ठणठणीत आहे, गाडी ठेवून घेऊ, ओळखीच्या मेकॅनिककडून करून घेऊ. मला वाटतं, गाडीच नाही तर हप्ता कसला भरायचा? कुणाला अनुभव आहे का?

वैनी, सनीव्हेल

---

वैनी, सगळे सुखरूप आहात, बाकीचं निस्तरता येतं.

पहिलं म्हणजे हप्ता थांबवू नका. कर्ज तुमच्या नावावर आहे, गाडी असो वा नसो. विम्याचे पैसे पोचेपर्यंत एक हप्ता चुकला तरी क्रेडिटवर डाग पडतो, आणि बँक 'गाडी टोटल झाली होती' हे ऐकून घेत नाही.

चेक आधी बँकेकडे जातो, कारण पॉलिसीवर तिचं नाव असतं. ६१,००० गेले की १०,४०० तुमच्या डोक्यावर. आता गाडी ठेवायचं गणित करा. ठेवलीत तर कंपनी भंगाराची किंमत कापून घेते. ती समजा १७,५०० धरली, तर हातात येणार ४३,५००. बँक टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) सोडणार कर्ज पूर्ण फिटल्यावरच, म्हणजे २७,९०० रोख घाला आणि दुरुस्तीचे वेगळे. भावजींना हा आकडा कागदावर लिहून दाखवा, तोंडी सांगू नका.

त्यानंतर डीएमव्ही, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं. नंबर प्लेट जमा करून सॅल्व्हेज सर्टिफिकेट (गाडी टोटल झाल्याचा दाखला) घ्यायचं, दुरुस्तीनंतर तपासण्या, तेव्हा पुन्हा नोंदणी. पूर्वी ब्रेक आणि लॅम्पची सर्टिफिकेटं लागायची, २०२४पासून त्यांच्या जागी व्हेइकल सेफ्टी सिस्टिम्स इन्स्पेक्शन आलं. टायटलवर 'सॅल्व्हेज्ड' कायमचं राहतं. नेव्हाडात नेऊन नोंदवू, असं कुणी सुचवलं तर हसून सोडून द्या, टायटलचा इतिहास सगळ्या देशाच्या एका डेटाबेसमध्ये असतो. अशा गाडीला पुढे पूर्ण विमा आणि कर्ज मिळताना नाकी नऊ येतात.

टोटल म्हणजे गाडीचा चुरा झाला असं नाही. टेक्सासमध्ये दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला पाहिजे, न्यूयॉर्कमध्ये ७५ टक्क्यांना टोटल. आपल्याकडे कॅलिफोर्नियात ठरावीक टक्का नाही. दुरुस्ती अधिक भंगाराची किंमत ही गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त झाली की संपलं. कॅम्परच्या भंगाराला भाव चांगला येतो, म्हणून ती लवकर टोटल होते.

तुमचा खरा लढा ६२,००० या आकड्याशी आहे. व्हॅल्युएशन रिपोर्ट मागा आणि तुलनेला घेतलेल्या गाड्या एकेक करून बघा. माझ्या वेळी त्यांनी तुलनेला नुसती माल वाहायची व्हॅन धरली होती, आत पलंग नाही, शेगडी नाही! सोलर, लिथियम बॅटरी, फ्रिज, सगळ्याच्या पावत्या जोडा. सेल्स टॅक्स आणि नोंदणीची फी धरली आहे का, तेही बघा. कॅलिफोर्नियाच्या नियमांत ती द्यावीच लागते. नाहीच जमलं तर पॉलिसीत अप्रेझलचं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मूल्यमापकांकडून किंमत ठरवायचं, कलम आहे का, ते शोधा.

नाना, फ्रीमाँट

---

नानांच्या पत्रात एक राहिलं. गाडी घेताना एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली असेल तर ती रद्द करा. उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतात, बहुधा थेट कर्जातच जमा होतात. डीलर आपण होऊन सांगत नाही. आणि यार्डातून गाडी पुढे जाण्याआधी फास्टट्रॅकचा, म्हणजे टोल आपोआप कापणारा, टॅग काढा. आमचा राहिला होता, नंतर टोलची बिलं आमच्याच नावावर!

काकू, डब्लिन

---

नाना, काकू, आज कळलं म्हणून लगेच लिहिते.

रिपोर्टमध्ये तुलनेच्या तीनपैकी दोन गाड्यांना सोलर नव्हतं, एकीला बाथरूमच नव्हतं. बारा पावत्या पाठवल्या. दोन आठवडे फोनवर 'बघतो, बघतो' झालं. शेवटी ६८,३०० वर आले, म्हणजे आता ४,१०० कमी पडतात. वॉरंटीचे १,८५० मिळणार, राहिले २,२५०. ते आम्ही देऊन टाकतो. दोन हप्ते या काळात भरले, मन मारून.

हे यार्डात जाऊन शेवटची बघून आले. २७,९००चा कागद खिशात होता, म्हणून काही बोलले नाहीत. टॅग काढून आणला आणि सोबत मिसळणाचा डबा. झाकण आता बसत नाही.

वैनी