मदत हवी आहे: छोट्या व्यवसायाने एसईओवर दरमहा खर्च करावा का?

नमस्कार मंडळी,

माझ्या बहिणीचा शिलाई मशीन दुरुस्तीचा व्यवसाय आहे. एका एजन्सीने तिला एसईओचं (गुगलच्या शोधात साइट वर आणण्याच्या कामाचं) पॅकेज देऊ केलंय: वर्षभराचा करार, दरमहा ठरावीक रक्कम, ढीगभर बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक) आणि ‘गुगलवर पहिल्या क्रमांकाची हमी’.

हमी वाचूनच मला धास्ती वाटली. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच सांगतं. क्रमांक वाढवण्यासाठी लिंक विकत घेणं तर त्यांच्या स्पॅम धोरणाच्या विरुद्ध आहे. गुगलच्या 2012 च्या पेंग्विन अपडेटमध्ये (क्रमांक ठरवण्याच्या पद्धतीतल्या बदलात) अशा कित्येक साइट खाली गेल्या. उद्या फटका बसला तर निस्तरायचं बहिणीलाच.

पण चांगल्या कामाचा परिणाम दिसायलाही साधारण 4 महिने ते वर्ष लागतं. मग तोवर पैसे सत्कारणी लागताहेत की वाया जाताहेत, हे ओळखायचं कसं?

गुगलचं सर्च कन्सोल (साइट कुठल्या शोधांत दिसते ते दाखवणारं साधन) फुकट असल्यामुळे ते जोडून बघितलं. बहुतेक क्लिक दुकानाच्या नावानेच येतात. ‘मशीनचा दोरा सारखा का तुटतो’ अशा शोधांत साइट दिसते, पण सरासरी क्रमांक चाळिशीच्या आसपास. माझ्या मते खरं गिऱ्हाईक तिथेच आहे, आणि त्याची उत्तरं एजन्सीपेक्षा बहीणच नीट लिहील.

म्हणून विचारतोय: फक्त एकदा तांत्रिक ऑडिट (साइटची तांत्रिक तपासणी) करून घेऊन बाकीचं घरीच सांभाळलंय का कुणी? आणि करार केलाच, तर त्यात काय काय लिहून घ्यावं? पुढच्या आठवड्यात तिला एजन्सीला उत्तर द्यायचंय.