'द ब्लूएस्ट आय'मध्ये मोठं कोण होतं?

अनवट: टोनी मॉरिसनची ही पहिली कादंबरी (१९७०) मोठं होण्याच्या कादंबऱ्यांत मोडत नाही, असं माझं मत. ओहायोतलं लोरेन गाव, १९४०-४१. अकरा वर्षांच्या कृष्णवर्णीय पिकोलाला पहिली पाळी येते ती मैत्रीण क्लॉडियाच्या घरच्या पायऱ्यांवर. म्हणजे ती वयात येते, पण मोठी होत नाही. शिर्ली टेंपल या गोऱ्या बालनटीच्या चित्राचा कप हातात राहावा म्हणून तीन क्वार्ट, पावणेतीन लिटरच्या वर, दूध संपवणारी ही मुलगी शेवटी वेडात निळे डोळे मिळाल्याचं समाधान मानते.

रानजाई: पिकोलाकडेच बघत बसलात की असं होतं. सांगतेय कोण? लहानपणी नाताळात मिळालेली निळ्या डोळ्यांची बाहुली फोडून पाहणारी क्लॉडिया. आत निघतो भुसा आणि सहा भोकांची चकती, रडण्याचा आवाज काढणारी. पुढे तीच शिर्ली टेंपलवर जीव लावायला शिकते, आणि ही सुधारणा नव्हे, नुसतं जुळवून घेणं होतं, हेही तीच सांगते. झेंडू उगवले नाहीत याचा दोष ती वर्षानुवर्षं स्वतःकडे घेते, बी फार खोल पेरलं म्हणून. शेवटी दोष देते जमिनीला. मोठं होणं याहून वेगळं काय असतं?

अनवट: मग पिकोलाच्या आईबापांचं, पॉलीनचं आणि चॉलीचं, बालपण क्लॉडियाला कुठून कळलं? तिच्याकडे आरंभ, चार ऋतूंची सुरुवात आणि शेवट एवढंच आहे. मधल्या प्रकरणांच्या डोक्यावर डिक आणि जेन या मुलांच्या, अमेरिकी शाळेतल्या वाचनपाठाचे तुकडे आहेत. हा पाठ आरंभी तीनदा येतो: नीट, मग विरामचिन्हं आणि कॅपिटल अक्षरं काढून, मग शब्दांमधली जागाही काढून. 'सुंदर घर'वाला तुकडा ब्रीडलव्हांच्या, म्हणजे पिकोलाच्या कुटुंबाच्या, रिकाम्या दुकानातल्या बिऱ्हाडावर, 'कुत्रा'वाला सोपहेड चर्च नावाच्या माणसावर, जो पिकोलाच्या हातून म्हाताऱ्या कुत्र्याला विषारी मांस घालवतो. ही एका मुलीची आठवण नाही, सबंध गावाची झडती आहे.

सुपारी: झडती खरी, पण जोड दिसतात. खुद्द मॉरिसननंच १९९३च्या उत्तरलेखात लिहिलंय की कथेचे तुकडे वाचकानं जुळवावेत ही कल्पना चांगली होती, अंमलबजावणीनं समाधान झालं नाही. पॉलीनच्या प्रकरणात तिचा तिरप्या अक्षरांतला आवाज आणि निवेदकाचा, दोन्ही तिला खटकले.

रानजाई: खटकले तरी मी ते काढणार नाही. मराठीत आणताना अडचण वेगळीच: त्या पाठाच्या दुसऱ्या रूपात काढायला आपल्याकडे कॅपिटल अक्षरंच नाहीत. तिसऱ्यात मात्र फायदा होईल. 'हेघरआहेहिरवंपांढरंलालदाराचं' लिहिलं की शिरोरेघ सलग होते, श्वास घ्यायला फट राहत नाही.