मदत हवी आहे: ईमॅक्सच्या ऑर्ग मोडमध्ये मराठी टेबलच्या रेषा सरळ येत नाहीयेत

उबंटू २४.०४ वर ईमॅक्स २९ हा टेक्स्ट एडिटर वापरतोय, टर्मिनलमध्ये नाही, खिडकीतलं; टेबलं त्याच्या ऑर्ग मोडमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात नोंदी आणि टेबलं ठेवायच्या सोयीत, आहेत. टायपिंग मस्त चाललंय, डिफॉल्ट इनपुट मेथड देवनागरी-इनस्क्रिप्ट करून ठेवलीय, कंट्रोल-बॅकस्लॅश दाबलं की मराठी आणि शॉर्टकट इंग्रजीतच राहतात, ही सोय खरंच भारी आहे. घोळ फक्त टेबलात. सोसायटीच्या हिशोबात 'गॅस'ची ओळ ठीक दिसते पण 'दुरुस्ती' किंवा 'वर्गणी' आलं की पुढची उभी रेघ सरकते, टॅब दाबून काही होत नाही.

जोडाक्षरं नीट जुळतात, अक्षरं जुळवणारी हार्फबझ लायब्ररी चालू आहे, म्हणजे तो प्रश्न नाही. फॉन्टसेटमध्ये देवनागरीला नोटो सॅन्स लावला, रीस्केल करून आकार कमीजास्त केला, फरक शून्य. व्हीअलाइन पॅकेज टाकल्यावर रेषा एकदम सरळ झाल्या पण मोठ्या टेबलात टाईप करताना कर्सर अडखळायला लागला, ते काही रोज सहन होणार नाही.

लिब्रेऑफिस कॅल्क (स्प्रेडशीट) वापरा असं प्लीज नको, बेरजेचे फॉर्म्युले त्याच फाईलमध्ये आहेत आणि फाईल गिटमध्ये (फाईलच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) साधा मजकूर म्हणूनच ठेवायचीय.

तर व्हीअलाइन कायम चालू न ठेवता फक्त मी सांगेन तेव्हाच, किंवा सेव्ह करताना, चालवता येईल का? त्यासाठी इनिट फाईलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतं ती सेटिंगची फाईल) नेमकं काय लिहायचं?