केबल लावलेली असताना फाइल्स वायफायवरून का जातात?

लग्नाचे_फोटो (सांगली):
मी लग्नांची फोटोग्राफी करतो. एका लग्नाच्या रॉ फाइल्स ४० जीबीच्या घरात जातात. रात्री घरी आलो की त्या नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेला स्टोरेजचा डबा) टाकतो. नॅस राउटरला केबलने जोडलाय, कॉम्प्युटरही (विंडोज १०) केबलनेच, पण त्याचं वायफायही चालू असतं. कॉपीचा वेग सेकंदाला २५-३० एमबी, तोही सारखा खालीवर. टास्क मॅनेजर उघडला तर इथरनेटचा ग्राफ सपाट आणि वायफायचा धावतोय! म्हणून वायफाय बंद केलं, तर वेग ११ वर येऊन चिकटला. केबल वायफायपेक्षा मंद कशी? फोटो दोन ठिकाणी गेल्याशिवाय मी कार्ड फॉरमॅट करत नाही, म्हणून हे रोज नडतं.

खटपट्या:
अ‍ॅडॉप्टरच्या सेटिंगमध्ये इथरनेटचं मेट्रिक (कुठली जोडणी आधी वापरायची हे ठरवणारा आकडा) हाताने १० करा. विंडोज केबलच धरेल.

जुना_राउटर:
मेट्रिकला आत्ता हात लावू नका दादा, सगळं काम त्या मंद केबलवर जाऊन बसेल. ११ हा आकडाच बोलतोय. १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट) लिंक म्हणजे सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी. गिगाबिट (१००० एमबीपीएस) असती तर ११० च्या आसपास मिळाले असते. विंडोज दोन्ही जोडण्यांचा लिंक स्पीड बघतं आणि ज्याचा जास्त, त्याचं मेट्रिक आपोआप कमी ठेवतं. कमी मेट्रिकवाला रस्ता आधी. वायफाय ८६६ दाखवत असेल आणि केबल १००, तर ते वायफायच धरणार.

इथरनेटच्या स्टेटसमध्ये स्पीड बघा. १०० दिसला तर आधी राउटरचे पोर्ट गिगाबिट आहेत का ते तपासा, अनेक स्वस्त राउटरना १०० चेच असतात. ते ठीक असतील तर केबल. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे बाकीच्या चारांतली एखादी तार गेली तरी नेट व्यवस्थित चालतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

लग्नाचे_फोटो:
स्टेटसमध्ये १०० एमबीपीएसच! वायफायला ८६६. राउटरचे पोर्ट गिगाबिट आहेत. मग कॉम्प्युटरकडचा कनेक्टर उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून दिसलं की तपकिरी तार पिनेपर्यंत पोचलेलीच नाही, मध्येच आखूड कापलेली. केबलवाल्याकडून नवीन कनेक्टर क्रिंप करून घेतला. आता १ जीबीपीएस दिसतंय, वेग १०८-११०, कालचं अख्खं लग्न सहा-सात मिनिटांत गेलं. वायफाय चालूच आहे, तरी ग्राफ इथरनेटचा धावतोय. मेट्रिक ऑटोमॅटिकवरच ठेवलंय. मनापासून आभार.

जुना_राउटर:
छान. आता त्याच केबलच्या राउटरकडच्या टोकाचा कनेक्टरही एकदा असाच उजेडात धरून बघा. दोन्ही टोकं बहुधा एकाच हाताने बसवलेली असतात.