मदत हवी आहे: डीईएफ भरलं तरी व्हॅनचा दिवा जात नाही

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचा माल घेऊन आमची बीएस-६ डिझेल व्हॅन पुण्याला जाते. डीईएफ, म्हणजे डिझेलचा धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण, कमी झाल्याचा दिवा लागला म्हणून निळ्या झाकणाच्या टाकीत सीलबंद कॅनमधलं ५ लिटर ओतलं. इंजिन बंद होतं, गाडी सपाट जागेवर होती. तरी दिवा तसाच आहे आणि किती किलोमीटर उरले तो आकडाही हलत नाही. सेन्सरला पातळी कळायला थोडं चालवावं लागतं, की अजून भरायला हवं? आकडा शून्यावर आला तर गाडी पुन्हा सुरूच होणार नाही, ही खरी धास्ती आहे.

झाकणाच्या आट्यांवर पांढरी, मिठासारखी खर धरली आहे. ओल्या फडक्याने पुसली तर चालेल ना? आत खडे पडायला नकोत.

दुसरं, साठवणुकीचं. ३० अंशांच्या वर डीईएफ लवकर खराब होतं आणि आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० पार जातो. पत्र्याच्या शेडमध्ये २० लिटरची बादली ठेवणं मला पटत नाही. तुम्ही कुठे ठेवता? की पंपावरच लागेल तसं भरता?

शेतातला युरिया पाण्यात कालवून टाका, असं कृपया सुचवू नका. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी असतं. खताच्या युरियाने डीईएफ फवारणारा इंजेक्टर आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट दोन्ही जातात.

सोमवारी माल निघायचा आहे. होटगी रोड किंवा जुना पुणे नाका भागात स्कॅनर लावून नीट बघणारा मेकॅनिक माहीत असेल तर जरूर सांगा.