इसेन्शियल्सएक्स: साध्या खेळाडूंना रंगीत टोपणनाव घेता येत नाही, काय तपासू?

लालमाती
माइनक्राफ्ट जावा, पेपर (सर्व्हर सॉफ्टवेअर) १.२०.४. प्लगिन: इसेन्शियल्सएक्स (टोपणनावासारख्या कमांडसाठी), इसेन्शियल्सएक्स चॅट, लकपर्म्स (परवानग्यांसाठी), व्हॉल्ट, प्लेसहोल्डरएपीआय (एका प्लगिनची माहिती दुसऱ्यात दाखवायला), टॅब (खेळाडूंच्या यादीसाठी).
ओपीने (सर्व्हरचे पूर्ण अधिकार असलेल्या खेळाडूने) /निक &सीवाघ्या केलं की चॅटमध्ये लाल नाव येतं (सी ही लाल रंगाची खूण). साध्या खेळाडूने तेच केलं की ‘टोपणनावात फक्त अक्षरं आणि अंक चालतात’ असा निरोप येतो. डीफॉल्ट गटाला इसेन्शियल्स.निक आणि इसेन्शियल्स.चॅट.कलर दिलेलं आहे.
शिवाय ओपीचं नाव चॅटमध्ये रंगीत असलं तरी टॅब यादीत आणि डोक्यावर पांढरंच राहतं. (कमांड देवनागरीत लिहितोय, सर्व्हरवर अर्थातच इंग्रजी अक्षरं आहेत. नावंही तिथे रोमनमध्येच.)

ओबसिडियन
निरोप दिशाभूल करणारा आहे, अडचण परवानगीची आहे. इसेन्शियल्स.चॅट.कलर फक्त चॅटमधल्या मजकुराला लागू होतं. टोपणनावासाठी वेगळं इसेन्शियल्स.निक.कलर लागतं. ते नसलं की &सी चं रंगखुणेत रूपांतर होतच नाही, & हे चिन्ह नावात जसंच्या तसं राहतं. नाव तपासणारा नियम & नाकारतो, म्हणून अक्षरं-अंकांची तक्रार येते.

करायचं एवढंच (एलपी म्हणजे लकपर्म्स):
/एलपी ग्रुप डीफॉल्ट परमिशन सेट इसेन्शियल्स.निक.कलर ट्रू

ठळक-तिरप्यासाठी इसेन्शियल्स.निक.फॉरमॅट, &के च्या थरथरत्या अक्षरांसाठी इसेन्शियल्स.निक.मॅजिक, हेक्स (सहा अंकी कोडने दिलेल्या) रंगांसाठी इसेन्शियल्स.निक.आरजीबी. मॅजिक कुणालाही देऊ नका, कोण बोलतंय तेच कळेनासं होतं. अ‍ॅडमिनसाठी लाल राखून ठेवायचा असेल तर इसेन्शियल्स.निक.रेड ही परवानगी फॉल्स करा, बाकीचे रंग चालू राहतात.

चाचणी ओपी खात्यावर घेऊ नका. ओपीला सगळ्या परवानग्या आपोआप असतात, त्यामुळे चूक दिसतच नाही. शिवाय कॉन्फिगमधलं ऑप्स-नेम-कलर ओपीच्या नावाला स्वतःचा रंग लावतं. /डीऑप करून पाहा, किंवा /एलपी व्हर्बोज ऑन लावून खेळाडूला /निक करायला सांगा. कोणती परवानगी मागितली आणि काय उत्तर मिळालं ते ओळीओळीने दिसेल.

कंदीलवाला
टॅब यादी आणि डोक्यावरचं नाव हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

यादीसाठी इसेन्शियल्सच्या कॉन्फिगमध्ये चेंज-प्लेअरलिस्ट: ट्रू असतं, पण तुमच्याकडे टॅब प्लगिन आहे आणि यादी त्याच्या ताब्यात आहे. म्हणून तिथेच सांगावं लागेल. आधी (प्लेसहोल्डरएपीआयसाठी) /पापी ईक्लाउड डाउनलोड इसेन्शियल्स, मग /पापी रीलोड. नंतर टॅबच्या ग्रुप्स फाइलमध्ये _डीफॉल्ट_ खाली
कस्टमटॅबनेम: "%इसेन्शियल्स_निकनेम%"
आणि /टॅब रीलोड. अवतरणचिन्हं गाळू नका: यॅमलमध्ये (कॉन्फिग फाइलची लेखनपद्धत) % ने किंवा & ने सुरू होणारं मूल्य उघडं लिहिलं की फाइल वाचली जात नाही किंवा चुकीची वाचली जाते. इसेन्शियल्सच्या निकनेम-प्रीफिक्स: '~' लाही हेच लागू. अवतरणाशिवायचा ~ म्हणजे यॅमलच्या लेखी रिकामं मूल्य.

डोक्यावरचं नाव इसेन्शियल्स बदलूच शकत नाही. ते खात्याच्या मूळ नावावरून येतं. खेळातल्या टीम (संघ) या सोयीच्या साहाय्याने फक्त त्याचा रंग बदलता येतो, तोही १६ ठरावीक रंगांपैकीच. टॅबमध्ये टॅगप्रीफिक्सचा शेवटचा रंग नावाला लागतो, उदा. /टॅब प्लेअर <नाव> टॅगप्रीफिक्स &सी. वाघ्या हे टोपणनाव डोक्यावर येणार नाही, मूळ नाव लाल होईल.

लालमाती
चॅट आणि यादी दोन्ही जमलं, आभार! आता दोन गोष्टी. प्रत्येक अक्षराला वेगळा हेक्स रंग दिला की नाव फार लांब असल्याचं सांगतो, नाव तर सहाच अक्षरांचं आहे. आणि काही जणांना टोपणनाव देवनागरीत हवंय.

ओबसिडियन
हेक्स रंग साठवताना § आणि एक्स, मग सहा अंकांपैकी प्रत्येकाआधी पुन्हा §, म्हणजे एका रंगाला १४ अक्षरं. सहा अक्षरांच्या नावाला ६ × १५ = ९० होतात, आणि मॅक्स-निक-लेंग्थ मुळात १५ आहे. ही मर्यादा १०० करू नका, कुणीतरी खरोखरच १०० अक्षरांचं नाव ठेवेल. इग्नोर-कलर्स-इन-मॅक्स-निक-लेंग्थ: ट्रू करा आणि /इसेन्शियल्स रीलोड द्या. मोजणीत फक्त दिसणारी अक्षरं धरली जातील.

क्रमही सांगून ठेवा: &सी&एल ठळक लाल देतं, &एल&सी नुसतं लाल. जावा आवृत्तीत रंगखूण आधीची शैली पुसते.

कंदीलवाला
देवनागरीला अलाउड-निक्स-रेजेक्स (टोपणनावात कोणती अक्षरं चालतील तो नियम) अडवतो. त्याच्या चौकोनी कंसात § च्या पुढे युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा पट्टा घाला, दोन्ही टोकांआधी बॅकस्लॅश आणि यू, मध्ये जोडरेघ. याऐवजी इसेन्शियल्स.निक.अलाउअनसेफ देण्याचा मोह होईल, पण त्याने सगळीच चिन्हं मोकळी होतात.

देण्याआधी विचार मात्र करा. खेळ जोडाक्षरं नीट जुळवत नाही, र्‍हस्व वेलांटीही अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. ‘सागर’ व्यवस्थित दिसेल, ‘शिवप्रसाद’ विस्कटेल. लांबी मोजताना काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं: ‘श्रीकांत’ आठ अक्षरांचं ठरतं.

गायझरवरून (बेडरॉक खेळाडूंना जावा सर्व्हरवर आणणारं प्लगिन) बेडरॉक (माइनक्राफ्टची मोबाइल-कन्सोल आवृत्ती) खेळाडू येत असतील तर त्यांना हेक्सऐवजी जवळचा साधा रंग दिसेल. फ्लडगेटमुळे (गायझरचं जोडीदार प्लगिन) त्यांच्या नावाआधी टिंब असतं, तेव्हा त्यांचं टोपणनाव तुम्ही बदलताना /निक मध्ये टिंबासकट मूळ नाव द्या. नको झालेलं नाव /निक <नाव> ऑफ ने जातं. कुणी अ‍ॅडमिनच्या नावाने वावरत असेल तर /रिअलनेम खरं नाव सांगतं, आणि अशी नावं आधीच निक-ब्लॅकलिस्टमध्ये घालून ठेवता येतात.